लास व्हेगास : जोखीम सांभाळणाऱ्यांची जत्रा

व्यापारी घरातील मुलगा किंवा सून संगणक क्षेत्रात गेली, की घरच्या वडीलधाऱ्यांना निदान एवढे समजते की ती ‘सॉफ्टवेअर’मध्ये आहे. परंतु त्याच क्षेत्रात एक मोठा वर्ग असा आहे, की जो स्वतः फारसे सॉफ्टवेअर लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले चालते ठेवणे, त्यातील माहिती साठवणे, तिची राखण करणे, एक यंत्र बंद पडले तर काम क्षणार्धात दुसऱ्यावर वळवणे हा त्यांचा व्यवसाय. पेढीच्या भाषेत सांगायचे तर हे दुकानदार नव्हेत, वखारवाले होत. वखारीत सारे सुरळीत असेपर्यंत वखारवाल्याची आठवण कोणी काढत नाही. छप्पर गळले किंवा उंदीर लागले म्हणजे मात्र पहिली हाक त्यालाच जाते.

अशा वखारवाल्यांची जगातील एक मोठी जत्रा दरवर्षी अमेरिकेतील लास व्हेगास येथे भरते. ‘रीइन्व्हेंट’ हे तिचे नाव, आणि ती भरवते ‘ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस’ ही कंपनी. घरपोच वस्तू विकणाऱ्या ॲमेझॉनचाच हा दुसरा धंदा. २००६ च्या मार्चमध्ये तिने माहिती साठवून ठेवण्याची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संगणक भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. प्रारंभीचा दर होता एका संगणकास तासाला १० सेंट. पुढे, २०१७ च्या ऑक्टोबरपासून, हा हिशेब तासांवरून सेकंदांवर आला. लोक ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात तो मेघ वगैरे काही नसून, कोठेतरी जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या इमारतींतील भाड्याची यंत्रे आहेत, हे एकदा ध्यानी आले म्हणजे पुढचे सारे व्यापारी माणसास सहज उलगडते.

पहिली परिषद २०१२ च्या नोव्हेंबरअखेर भरली तेव्हा सुमारे ६,००० माणसे आली होती. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ६०,००० च्या आसपास असतो. पाच दिवस, दोन हजारांहून अधिक व्याख्याने आणि कार्यशाळा, आणि प्रवेशमूल्य दोन हजार डॉलरच्या वर. विमानभाडे, राहणे, व्हिसा हे निराळेच. एवढा खर्च करून माणसे तेथे नेमके काय आणायला जातात, हा प्रश्न कोणताही हिशेबी मनुष्य विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यास लास व्हेगासला थेट विमान नाही. आखाती देशांतून, युरोपातून किंवा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरातून विमान बदलून जावे लागते. उतरताना खिडकीतून प्रथम दिसते ते मोजाव्हे वाळवंट: उघडे तपकिरी डोंगर, हिरवळीचे नाव नाही, आणि मध्येच आखून ठेवल्यासारखे शहर. वर्षाचा पाऊस जेमतेम चार इंच. ‘लास व्हेगास’ ह्या स्पॅनिश शब्दांचा अर्थ मात्र ‘कुरणे’ असा आहे. कारण एके काळी येथे झरे होते आणि त्यांच्या आधाराने गवत वाढत असे. १९०५ साली रेल्वेने येथील जमिनीचे लिलाव केले आणि गाव वसले. १९३१ मध्ये नेव्हाडा राज्याने जुगार कायदेशीर केला, आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. ह्या दोन गोष्टींवर शहराचे पुढचे सारे भाग्य उभे राहिले.

विमानतळावरच सामानाच्या पट्ट्याच्या वाटेवर जुगाराची यंत्रे मांडलेली आढळतात. त्यांच्या बाजूनेच परिषदेचे ओळखपत्र देणारी खिडकीही असते. नवखा प्रवासी येथे थोडा गोंधळतो. बँकांच्या, विमा कंपन्यांच्या, रुग्णालयांच्या माहितीची राखण करणाऱ्यांनी एकत्र जमायला जुगाराचेच गाव का निवडावे?

ह्याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही, व्यापारात आहे. आणि ते सांगण्यासारखे आहे. शेल्डन ॲडेल्सन हा बॉस्टनच्या एका टॅक्सीचालकाचा मुलगा. बाराव्या वर्षी काकांकडून २०० डॉलर उसने घेऊन त्याने वर्तमानपत्रे विकण्याची जागा मिळवली होती. ह्या माणसाने आपल्या भागीदारांसह १९७९ मध्ये लास व्हेगासला ‘कॉमडेक्स’ नावाचे संगणक-प्रदर्शन सुरू केले. जागा घाऊक दराने घ्यायची आणि मांडणीसाठी कंपन्यांना ती कित्येक पटींनी द्यायची, हा त्यातला सरळ हिशेब. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याला उमगली ती अशी, की जुगारी पाहुणा शनिवार-रविवारी येतो आणि सोमवार ते गुरुवार हजारो खोल्या रिकाम्या राहतात. परिषदेला येणारा मनुष्य नेमका त्या चार दिवसांचा गिऱ्हाईक. शिवाय त्याचे बिल कंपनी भरते, म्हणून तो घासाघीस करत नाही. जुगारगृहांच्या जुन्याजाणत्या मालकांना हे पटत नव्हते, कारण परिषदेला आलेला मनुष्य खेळतो कमी. ॲडेल्सनने १९८९ मध्ये ‘सँड्स’ हे हॉटेल विकत घेतले, १९९० मध्ये त्याच्या मागे स्वतःचे प्रदर्शनगृह उभारले, १९९५ मध्ये कॉमडेक्स जपानच्या सॉफ्टबँकेला सुमारे ८६ कोटी डॉलरला विकले, आणि दुसऱ्याच वर्षी जुने हॉटेल पाडून त्या जागी ‘व्हेनिशियन’ बांधायला घेतले. ते १९९९ मध्ये उघडले. खोल्या मोठ्या, आणि व्यापाऱ्याच्या सोयीसाठी त्यांत फॅक्सचीही व्यवस्था. आज ह्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जुगाराखेरीज इतर बाबींतून येते. पडून राहिलेल्या मालाला गिऱ्हाईक शोधण्याची ही दृष्टी कोणत्याही बाजारपेठेतल्या माणसाला ओळखीची वाटेल.

त्याच व्हेनिशियनमध्ये रीइन्व्हेंटचे मुख्य ठाणे असते. इमारत म्हणजे इटलीतील व्हेनिस नगराची नक्कल: सेंट मार्कचा मनोरा आहे, पूल आहेत, आणि जुगारगृहाच्या वरच्या मजल्यावर पाण्याचा खराखुरा कालवा असून त्यात नावा चालतात. डोक्यावरचे आकाश छतावर रंगवलेले आहे, त्यामुळे तेथे सदैव एकच प्रहर असतो. परिषदेच्या दालनात जाण्याची वाट बहुधा जुगारगृहाच्या कडेनेच जाते. नेव्हाडात जुगारगृहात धूम्रपानास अजून मुभा आहे. सकाळी आठ वाजता पाठीवर पिशवी, हातात कॉफी आणि गळ्यात ओळखपत्र असलेल्या तरुणांचे लोंढे सिगारेटच्या धुरातून, रात्रभर यंत्रापुढे बसून राहिलेल्या एखाद्या वृद्धेच्या शेजारून निघून जात असतात. कोणी कोणाकडे पाहत नाही.

परिषद एका इमारतीत मावत नाही. व्हेनिशियनपासून मँडले बे ह्या हॉटेलापर्यंत, सुमारे पाच किलोमीटरच्या पट्ट्यात, पाच-सहा हॉटेलांत ती विखुरलेली असते. हा प्रसिद्ध रस्ता, ‘स्ट्रिप’, कागदोपत्री लास व्हेगास शहराच्या हद्दीतच येत नाही. तो पॅराडाइज नावाच्या वस्तीत मोडतो. बस असतात, मोनोरेल आहे, तरीही दोन व्याख्यानांमध्ये तास-दीड तासाचे अंतर न ठेवणारा दुसऱ्याच दिवशी पाय धरून बसतो. अनुभवी माणसे म्हणून दिवसाला एकच हॉटेल ठरवून घेतात. हवा अतिशय कोरडी. दुपारी ऊन सुखद, रात्री चांगलीच थंडी. पाणी पीत राहावे लागते.

जेवणाची व्यवस्था परिषदेतर्फेच असते आणि पदार्थांपुढे पाट्या लावलेल्या असतात. घरून जाणाऱ्या मुलांना एवढे सांगून ठेवावे, की तिकडे ‘व्हेजिटेरियन’ म्हटले तरी त्यात अंडे असू शकते. ‘व्हीगन’ अशी पाटी असेल तर अंडे नक्की नाही, पण मग दूध-तूपही नाही. कांदा, लसूण, बटाटा ह्यांची नोंद कोठेच नसते. म्हणून बरोबरचे खाखरे आणि भाजलेले पीठ ह्यांना पर्याय नाही.

आता व्याख्यानांविषयी. मोठ्या सभागृहांतील व्याख्याने भव्य असतात. पडदे, दिवे, संगीत, नव्या सेवांच्या घोषणा. त्यांची चित्रफीत काही दिवसांत सर्वांना फुकट पाहायला मिळते. तेव्हा दोन हजार डॉलर मोजून त्यांच्या रांगेत उभे राहण्यात शहाणपण नाही. खरी कमाई लहान खोल्यांत आहे. ‘चॉक टॉक’ म्हणतात त्या बैठकांत जेमतेम शे-सव्वाशे माणसे, एक फळा आणि त्या यंत्रणेवर प्रत्यक्ष काम करणारे दोन अभियंते असतात. तेथे चित्रीकरण होत नाही, त्यामुळे माणसे मोकळेपणी बोलतात. प्रश्न विचारणाऱ्याचा देश, हुद्दा, उच्चार ह्यांकडे कोणी लक्ष देत नाही. त्याची अडचण खरी आहे की नाही एवढेच पाहतात. फळ्यावर चौकोन आणि बाण काढून चर्चा चालते, आणि दहांतल्या नऊ वेळा तिचा विषय एकच असतो: हे बिघडले तर काय?

ह्या व्यवसायाचे मर्म येथे कळते. यंत्र बिघडणारच, हे येथे गृहीत धरलेले असते. कोणते कधी बिघडेल हे सांगता येत नाही, म्हणून एक बिघडले असता दुसऱ्याने भार उचलावा अशी रचना आधीच करायची. कंपनी आपल्या इमारती एका भागात तीन-तीन ठिकाणी उभारते. त्यांच्यात काही किलोमीटरचे अंतर असते, म्हणजे एका ठिकाणची आग किंवा पूर दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये, आणि ते १०० किलोमीटरपेक्षा कमी असते, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी बरोबरीने होत राहाव्यात.

एवढे असूनही बिघाड होतातच. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्याच एका अभियंत्याने बिलांच्या यंत्रणेतील दोष शोधताना काही थोडी यंत्रे बंद करण्याची आज्ञा दिली. तीत एक भाग चुकीचा टंकला गेला आणि नको तेवढी यंत्रे बंद पडली. सुमारे चार तास अमेरिकेतील असंख्य संकेतस्थळे अडकून राहिली. गंमत अशी, की ‘सेवा बंद आहे’ हे ज्या फलकावर दाखवायचे तो फलकही त्याच सेवेवर चालत होता, त्यामुळे त्यावर बराच वेळ सारे आलबेल दिसत राहिले. त्याहून ताजी घटना २०२५ ची. २० ऑक्टोबरच्या दुपारी, आपल्याकडे ऐन दिवाळीत, वहीपूजनाच्या दिवसांत, अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात नाव-पत्त्यांच्या नोंदवहीतील एक नोंद रिकामी झाली. दोन स्वयंचलित यंत्रणा एकाच वेळी ती नोंद बदलू पाहत होत्या. परिणामी जगभरच्या असंख्य सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. त्यांत ब्रिटनमधील काही बँकाही होत्या. माल वखारीत सुरक्षित होता. वखारीचा पत्ताच कोणाला सापडत नव्हता.

अशा वेळी भाडेकरूस भरपाई किती मिळते? रंगमंचावर हा विषय निघत नाही. लहान खोल्यांत निघतो. करारातली कलमे वाचण्यासारखी आहेत. भाड्याच्या संगणकांबाबत कंपनीचे वचन महिन्यातून ९९.९९ टक्के वेळ सेवा चालू ठेवण्याचे आहे. म्हणजे तीस दिवसांत साधारण सव्वाचार मिनिटांचा खंड क्षम्य. खंड त्याहून अधिक झाला तर त्या सेवेच्या मासिक बिलाच्या १० टक्के. प्रमाण ९९ टक्क्यांखाली, म्हणजे खंड सात तासांच्या वर गेला तर ३० टक्के. आणि ९५ टक्क्यांखाली, म्हणजे दीड दिवस सेवा बंद राहिली तर पूर्ण बिल. तेही रोख नव्हे, तर पुढच्या बिलातून वळते होणारे. आणि ठरलेल्या मुदतीत मागितले तरच.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचे ह्या सेवेचे मासिक बिल २०,००० रुपये आहे, आणि धनत्रयोदशीला आठ तास त्याचे बिलिंग बंद पडले. त्याला मिळतील ६,००० रुपये. त्या आठ तासांत किती लाखांची विक्री हुकली, किती गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले, ह्याचा त्या करारात उल्लेख नाही. भरपाई भाड्याच्या मापाने, नुकसानीच्या मापाने नव्हे.

बँकेच्या लॉकरशी ह्याची तुलना करून पाहावी. तेथेही तिजोरी बँकेची, किल्ली गिऱ्हाइकाची, आणि आत काय ठेवले आहे ते बँकेस ठाऊक नसते. बँक लॉकरची जागा आणि दरवाजा सांभाळते. किल्ली हरवू न देणे हे गिऱ्हाइकाचे काम. क्लाउडमधील जबाबदारीची वाटणी अगदी अशीच आहे: इमारत, वीज, यंत्रे कंपनीची, आत कोणाला प्रवेश द्यायचा, परवलीचा शब्द कोणाकडे ठेवायचा, ही जबाबदारी भाडेकरूची. माहिती चोरीस जाण्याचे पुष्कळ प्रकार ह्या दुसऱ्या भागातल्या हलगर्जीपणाचे असतात. परंतु लॉकरच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२२ पासून एक स्पष्ट मर्यादा घालून दिली आहे: आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी ह्यांमुळे हानी झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या १०० पट. संगणकाच्या करारात मात्र पूर्ण दीड दिवसाच्या खोळंब्यालाही एका महिन्याचे भाडे ही कमाल. दोहोंचे स्वरूप भिन्न आहे हे मान्य. पण पेढीची खाती जेथे ठेवायची तेथील कलम वाचून ठेवायला नको काय?

किल्लीचा प्रश्न किती खरा आहे, ह्याचा दाखला ह्या गावानेच दिला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एमजीएम कंपनीच्या हॉटेलांवर संगणकीय हल्ला झाला. हल्लेखोरांनी कोणतीही तिजोरी फोडली नाही. कर्मचाऱ्याचे सोंग घेऊन त्यांनी कंपनीच्या मदतकक्षाला दूरध्वनी केला आणि प्रवेश मिळवला, असे पुढे प्रसिद्ध झाले. खोल्यांची कार्डे चालेनात, जुगाराची यंत्रे अंधारली, जिंकलेल्यांना हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या देण्याची पाळी आली. कंपनीने स्वतःच सुमारे १० कोटी डॉलरचा फटका बसल्याचे जाहीर केले. त्यानंतर अकरा आठवड्यांनी, नोव्हेंबरअखेर, रीइन्व्हेंटची काही सत्रे त्याच कंपनीच्या दोन हॉटेलांत भरली. सुरक्षेवरील व्याख्यान ऐकून बाहेर पडणारे अभियंते त्याच यंत्रांच्या रांगांमधून चालत होते. पाचशे रुपयांचा धनादेश वटवतानाही सही ताडून पाहणाऱ्या जुन्या रोखपालाची चेष्टा करणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा मुळातून वाचावे.

प्रदर्शनाचे दालन हा निराळाच प्रकार. शेकडो कंपन्यांची दुकाने, त्यांत भारतीय सेवा कंपन्यांचीही. प्रत्येक जण ओळखपत्रावरची खूण यंत्राने टिपून घेतो आणि बदल्यात मोजे, सदरे, पाण्याच्या बाटल्या वाटतो. त्या खुणेबरोबर नाव, कंपनी, हुद्दा आणि संपर्क त्यांच्याकडे जातो, आणि पुढचे सहा महिने विक्रेत्यांचे निरोप येत राहतात. मोज्यांची किंमत ती. मराठी कानावर पडते, कन्नड आणि तेलुगूही. पुण्याच्या आणि बंगळूरच्या माणसांचा दिवस येथे दुप्पट असतो; कारण लास व्हेगासची घड्याळे भारताच्या साडेतेरा तास मागे. सकाळी नऊला व्याख्यान सुरू होते तेव्हा घरी रात्रीचे साडेदहा झालेले असतात, आणि इकडे संध्याकाळी जेवायला बसावे तो तिकडच्या कार्यालयातून सकाळची पहिली तक्रार येते. व्याख्यान सोडून भिंतीच्या कडेला जमिनीवर बसून मांडीवरच्या संगणकावर काम करणारे जागोजागी दिसतात.

२०१६ च्या परिषदेत रंगमंचावर एक अवजड मालमोटार आणण्यात आली होती. तिच्यावर ४५ फूट लांबीचा कंटेनर, आणि त्यात प्रचंड प्रमाणात माहिती साठवण्याची सोय. मोठ्या कंपन्यांची माहिती तारेवरून पाठवायला वर्षे लागतील म्हणून ती गाडीत भरून आणायची, अशी ती योजना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे २०२४ मध्ये ती सेवा गाजावाजा न होता बंद झाली. ह्या गाडीची दिशा ध्यानात घेण्यासारखी होती: माल आत येण्यासाठी ती होती. माहिती आत आणण्यास कंपनी शुल्क घेत नाही. बाहेर नेण्यास घेते. हमाली फक्त उचलताना लागते, अशी ही वखार. युरोपात कायदा आला, प्रतिस्पर्धी कंपनीने पाऊल उचलले, तेव्हा २०२४ च्या मार्चमध्ये ॲमेझॉननेही कायमचे सोडून जाणाऱ्यास ही हमाली माफ केली. रोजच्या ने-आणीवरचे शुल्क राहिलेच.

म्हणून भाड्याचे की मालकीचे, हा वाद ह्या व्यवसायात पुन्हा पेटला आहे. शिकागोच्या ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ ह्या लहानशा कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केले, की आपण क्लाउड सोडून स्वतःची यंत्रे घेत आहोत. त्या एका वर्षाचे त्यांचे क्लाउडचे बिल ३२ लाख डॉलरचे होते. स्वतःची यंत्रे सुमारे ६ लाखांत आली. ह्यावरून सर्वांनीच तसे करावे असे ठरत नाही. त्यांचा धंदा स्थिर होता, वर्षभर मागणी सारखी, आणि यंत्रे सांभाळणारी माणसे घरचीच. ज्याची विक्री दिवाळीत दसपट होते आणि आषाढात मंदावते त्याने वर्षभरासाठी दसपट यंत्रे विकत का घ्यावीत? हंगामाला गाळा भाड्याने, बारमाही धंद्याला स्वतःची इमारत, हे गणित बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. रीइन्व्हेंटमध्ये बिल कसे कमी करावे ह्यावरच्या सत्रांना जी गर्दी होते, तिच्यावरून हे गणित तेथल्या अभियंत्यांनाही आता करावे लागत आहे, एवढे दिसते.

ह्या साऱ्याचा आपल्या पेढ्यांशी थेट संबंध आहे. ॲमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ च्या जूनमध्ये सुरू झाले. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे ह्या पट्ट्यात अनेक कंपन्यांची अशी केंद्रे उभी आहेत. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, हे त्याचे एक मोठे कारण. देयकांच्या व्यवहारांची माहिती देशातच ठेवावी असा रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा आदेश आहे. जी पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे तिच्या संगणकीय हिशेबवह्यांची प्रत दररोज भारतातील यंत्रावर राहिली पाहिजे, असा नियम २०२२ च्या ऑगस्टपासून लागू आहे. खाते-लेखनाचे सॉफ्टवेअर देणाऱ्याला किती जणांनी विचारले, की आमची प्रत कोणत्या गावी आहे, दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती उघडून कोणी कधी पाहिली आहे काय?

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्याची पेवे होती. जमिनीत खोल खोदलेली, वर्षानुवर्षे हळदीला कीड लागू न देणारी. दूरदूरच्या व्यापाऱ्यांचा माल तेथे विश्वासाने पडून असे. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि हळदीची अपरिमित हानी झाली. पेवे उत्तम होती आणि सांभाळणारेही प्रामाणिक होते, पण माल एकाच नदीकाठी होता. फळ्यावर काढलेले ते तीन चौकोन काय सांगतात, हे हरिपूर पाहिलेल्या व्यापाऱ्यास दुभाष्याशिवाय कळावे.

परिषदेचा शेवटचा दिवस शुक्रवार. गुरुवारी रात्री मोठी मेजवानी आणि गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होतो. तो चुकवला तरी काही बिघडत नाही. शुक्रवारची दुपार मोकळी मिळाली तर बहुतेकांचे पाय दुकानांकडे वळतात. त्याऐवजी सुमारे ५० किलोमीटरवरचे हूव्हर धरण पाहून यावे. त्यामागच्या मीड सरोवरातूनच ह्या शहराला बहुतेक सारे पाणी मिळते. २०२२ च्या जुलैमध्ये हे सरोवर भरल्यापासूनच्या नीचांकी पातळीला गेले होते. कातळावर पाणी कोठपर्यंत असे, ती पांढरी रेघ दुरूनही दिसते. ज्या शहरात घरात कालवे वाहतात, तेथे घरांतून आणि हॉटेलांतून मोरीत गेलेले पाणी जवळजवळ सारे शुद्ध करून पुन्हा सरोवरात सोडले जाते, आणि नुसत्या शोभेची हिरवळ काढून टाकण्याचा कायदा २०२१ मध्ये करण्यात आला आहे. नळ सोडणाऱ्या पाहुण्याला ह्यातले काही दिसत नाही. ती यंत्रणा चालवणारी माणसेही कोणाला दिसत नाहीत.

संध्याकाळी परतावे तो व्हेनिशियनमध्ये पाट्या उतरवण्याचे काम चालू असते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लास व्हेगासला राष्ट्रीय रोडिओ, म्हणजे बिथरलेल्या घोड्याबैलांवर स्वार होण्याच्या खेळांची अंतिम फेरी असते. १९८५ पासून ती येथेच भरत आली आहे, फक्त २०२० साली ती अन्यत्र गेली. २०२४ मध्ये तर दोन्ही मेळावे एकाच आठवड्यात आले. उद्वाहकाचे दार उघडते: आत गळ्यात ओळखपत्र अडकवलेले, झोपेने डोळे जड झालेले चार अभियंते, आणि रुंद काठाच्या टोप्या घातलेले दोन गुराखी. गुराखी नम्रपणे बाजूला सरकतात. एका अभियंत्याचा दूरध्वनी वाजतो. भारतात शनिवारची सकाळ झालेली असते.